एकाचे पोते, पन्नास घरांचा माल

वाचनासाठी : उपदेशक ४:९-१२



आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबे भात पिकवतात आणि हिरडा गोळा करतात. एका घरचा हिरडा म्हणजे थोडीशी पोती. ती घेऊन बाजारात गेलेला माणूस व्यापारी सांगेल तो भाव घेतो. पन्नास घरांचा माल एका जागी आला, की व्यापाऱ्यालाच भाव विचारावा लागतो.

यासाठी कायद्याचा आधार आहे. २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा शेतकरी एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात. कोणाचे भाग कितीही असोत, प्रत्येक शेतकरी सभासदाला एकच मत.

तरी नोंदणी झाली म्हणजे एकी झाली, असे नाही. पावसाळ्यात घरातले धान्य संपते. व्यापारी उचल देतो आणि माल निघताच तो उचलीपोटी नेतो. संघाचा भाव चांगला असला, पण पैसे महिन्याने मिळणार असतील, तर गरीब सभासद थांबणार कसा? आपण म्हणतो, तो फुटला. खरे तर तो अडलेला असतो.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव पाहा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ उजाडले. गाव तोवर टिकले, कारण तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतात. ज्याचे म्हणणे ऐकले गेले, तो सहसा पाठ फिरवत नाही.

तीनपदरी दोरीचा दृष्टांत आपल्या ओळखीचा आहे. तिचा प्रत्येक पदर ताण घेतो. म्हणून मदत करताना नुसते धान्य-कपडे देऊन थांबू नये. वजनाच्या दिवशीच रोख चुकारा देता येईल एवढे खेळते भांडवल, खरा वजनकाटा आणि सभेत मोठ्याने वाचला जाणारा हिशेब, या तीन गोष्टींनी संघ उभा राहतो.

मनन व चर्चेसाठी :
१. आपल्या मंडळीत निर्णय घेताना सर्वांत गरीब सभासदाचे म्हणणे ऐकले जाते का?
२. आपल्या दानाने कोणी आपल्यावर अवलंबून राहतो, की स्वतःच्या पायावर उभा राहतो?

प्रार्थना : अडलेल्या बांधवाला दोष देण्याआधी त्याची अडचण समजून घेण्याचे मन प्रभू आपल्याला देवो.