अ‍ॅनोडला रंग लावू नये

चि. मंदार यास काकाचे अनेक आशीर्वाद.

वास्कोहून आलेल्या शेजाऱ्याने सांगितलं, की मंदारच्या यार्डात अ‍ॅल्युमिनियमची बोट पाण्यात सोडायची घाई आहे आणि रंगाऱ्यांनी तळाचे झिंक अ‍ॅनोडही रंगवून टाकलेत. तेव्हापासून काकाचा जीव थाऱ्यावर नाही.

खाऱ्या पाण्यात तांबं, ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टील अ‍ॅल्युमिनियमला जोडलेलं असलं, की वीज वाहू लागते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅनोडने स्वतः झिजून हल वाचवायचा असतो. रंगाखाली तो झिजत नाही. मग हल झिजतो.

हे दुखणं जुनंच. ब्रिटिश नौदलाने 1761 साली ‘अलार्म’ या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे गंजून गेलेले. मध्ये कागद राहून गेला होता तिथले मात्र शाबूत! अडीचशे वर्षांनी, 2011 साली, अमेरिकेच्या ‘इंडिपेंडन्स’ या अ‍ॅल्युमिनियमच्या युद्धनौकेचा हल वॉटरजेटजवळ असाच गंजला.

रंगवलेले अ‍ॅनोड मंदारने पाहिले आणि तो गप्प राहिला, याचा काकाला राग आला. फोरमन ओरडेल म्हणून गप्प बसायचं? बोटीत माणसं बसणार आहेत.

पण काकाही गोदीत लागला तेव्हा असाच बुजरा होता. स्टेनलेस बोल्टखाली नायलॉनचा वॉशर आणि भोवती स्लीव्ह कशासाठी, हे उस्तादांना विचारायची कधी छाती झाली नाही. कारण कळलं तोवर उस्ताद राहिले नव्हते. ती रुखरुख आजही आहे.

म्हणून सांगणं एवढंच: तांबं असलेला अँटीफाउलिंग रंग अ‍ॅल्युमिनियमवर चढू देऊ नये. रंग शेजारच्या स्टीललाही द्यावा. नुसता अ‍ॅल्युमिनियमला दिला, तर एका ओरखड्यावर सगळा मारा होऊन भोक पडतं. आणि बोट उतरण्याआधी अ‍ॅनोड खरवडून उघडे करावेत. फोरमनशी नम्रपणे बोलावं, पण बोलावं.

रागाचं मनावर घेऊ नये. घरात धातूंशी बोलणारा काकानंतर मंदारच. वहिनी म्हणतात, तो रात्री फार उशिरा जेवतो, तेवढं सांभाळावं. गणपतीला दोन दिवस आधीच यावं. काकूने खोली झाडून ठेवली आहे, आणि काकाला यार्डातलं सगळं ऐकायचं आहे.

काका