पोथीतील तलवार

विद्या पुढच्या पिढीस दोन मार्गांनी मिळते. एक मार्ग गुरूचा आणि दुसरा ग्रंथाचा. गुरूजवळ शिकणाऱ्याचे पाऊल चुकले, तर ते दाखवून देणारा समोर उभा असतो. ग्रंथ मात्र मूक असतो. मग एखाद्या विद्येची गुरुपरंपरा मध्येच खंडित झाली आणि केवळ ग्रंथच मागे उरले, तर त्यांच्या आधारे ती विद्या पुन्हा जिवंत करता येईल काय? युरोपातील जुन्या खड्गविद्येचे अभ्यासक याच प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत.

मध्ययुगीन युरोपात तलवार केवळ सरदारांच्या हाती नव्हती. नगरांतील कारागीरही ती चालविण्यास शिकत. काही आचार्यांनी आपले डाव आणि पवित्रे चित्रांसह लिहून ठेवले. अशा पोथ्यांपैकी आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी पोथी इंग्लंडमध्ये लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयात आहे. ती चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात जर्मनीत लॅटिन भाषेत लिहिली गेली. तीत एक धर्मगुरू आपल्या शिष्यास तलवार व लहान गोल ढाल यांचे शिक्षण देत आहे. शेवटच्या चित्रांत शिष्याच्या जागी वालपुर्गिस नावाची एक स्त्री शस्त्र घेऊन उभी आहे!

फियोरे देई लिबेरी या इटालियन आचार्याने इ. स. १४१० च्या सुमारास फेरारा येथील अधिपतीसाठी असाच एक ग्रंथ रचला. चित्रात गुरू कोण व शिष्य कोण हे चटकन कळावे म्हणून गुरूच्या मस्तकी मुकुट आणि शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा दाखविला आहे. एका चित्रात योद्ध्याभोवती चार प्राणी आहेत. लिंक्स नावाच्या रानमांजराजवळ कंपास आहे. तो अंतराचा अचूक अंदाज सुचवितो. वाघाजवळचा बाण चपळाई सांगतो, सिंहाजवळचे हृदय धैर्य सांगते, आणि पाठीवर बुरूज वाहणारा हत्ती स्थिरपणा शिकवितो. जर्मनीतील योहानेस लिख्टेनाउअर या आचार्याची शिकवण मात्र पद्यात आहे. परक्यांस ती कळू नये म्हणून तिची भाषा मुद्दाम गूढ ठेवली होती. पुढील आचार्यांस तिच्यावर टीका लिहाव्या लागल्या.

कालांतराने बंदुका व तोफा आल्या. युद्धाची रीत पालटली. दोन्ही हातांनी धरावयाच्या लांब तलवारीची जागा हलक्या, टोकदार तलवारींनी घेतली आणि अखेर त्यांतून एक खेळ निर्माण झाला. १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत त्या खेळास स्थान मिळाले. परंतु लांब तलवारीचे डाव शिकविणारा कोणीही उरला नाही. पोथ्या तेवढ्या ग्रंथालयांत पडून राहिल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील एगर्टन कॅसल व आल्फ्रेड हटन या दोघा जाणकारांनी त्या उघडल्या. कॅसल याने १८८५ मध्ये खड्गविद्येचा इतिहास प्रसिद्ध केला. हटन हा लष्करी अधिकारी होता. त्याने जुन्या शस्त्रांचे प्रयोग लोकांसमोर करून दाखविले. १९१० मध्ये हटन निवर्तला आणि हे कार्य मंदावले. पुढे १९९० नंतरच्या काळात त्यास पुन्हा जोर आला. जुन्या पोथ्यांची छायाचित्रे इंटरनेटवरून घरोघरी पोहोचली आणि शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशी माणसे फावल्या वेळात एकत्र जमून त्यांचा अभ्यास करू लागली.

हा अभ्यास सोपा नाही. चित्रात एकच क्षण दिसतो. त्याच्या आधी पाऊल कोठे होते आणि नंतर कोठे पडले, हे चित्र सांगत नाही. म्हणून एकजण पोथी वाचतो आणि दोघेजण त्याप्रमाणे हालचाल करून पाहतात. प्रतिस्पर्धी स्वस्थ उभा राहिला तरच डाव साधत असेल, तर वाचनात काही चुकले आहे असे ते मानतात आणि ते पान पुन्हा उघडतात. शस्त्राचे वजनही महत्त्वाचे असते. लांब तलवार फार जड असे, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः संग्रहालयांतील अशा बहुतेक तलवारी सुमारे दीड किलोग्रॅम वजनाच्या आहेत. जड नक्कल हाती घेतली की हालचाल मंद होते आणि डावाचा अर्थच बदलतो.

सरावासाठी बोथट, लवचिक पात्याच्या तलवारी वापरतात. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड अस्तराचा अंगरखा आणि हातांत मजबूत मोजे असतात. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे २००६ पासून या विद्येच्या स्पर्धाही होऊ लागल्या. परंतु स्पर्धेत एक मोह असतो. गुण मिळविण्याच्या भरात खेळाडू स्वतःवर येणारा वार विसरतो. खऱ्या तलवारी असत्या, तर दोघेही पडले असते! म्हणून काही स्पर्धांत, दोघांना एकाच वेळी वार लागल्यास कोणासही गुण देत नाहीत. स्वतःचे रक्षण करून वार करणे, हीच जुन्या आचार्यांची मूळ शिकवण होती.

युरोपातील पाती एके काळी महाराष्ट्रातही येत. त्यांना येथील मुठी बसवीत आणि अशा सरळ तलवारीस ‘फिरंग’ म्हणत. कोल्हापुरात दांडपट्ट्याचे हात आजही वस्ताद आपल्या शिष्यांस शिकवितात. शिष्याचे मनगट चुकीचे वळले, तर वस्ताद ते तत्क्षणी धरून सरळ करतो. युरोपातील अभ्यासकांस तेवढ्याच एका दुरुस्तीसाठी पोथीचे एक पान कित्येक महिने पुनःपुन्हा वाचावे लागते.

स्वाध्याय
१. फियोरेच्या चित्रातील चार प्राणी कोणते गुण सुचवितात?
२. वाचनात चूक झाली आहे हे अभ्यासक कसे ओळखतात?
३. गुरूकडून शिकणे व ग्रंथावरून शिकणे यांतील फरक पाठाच्या आधारे लिहा.