पाहुण्याचा सलीका : थायलंडमध्ये राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एक पाठ

परदेशी जाऊन रोजी मिळविणे आमच्या समाजास नवे नाही. आखाती देशांत जाणाऱ्यास तेथील रीतभात सांगणारा मोहल्ल्यात कोणीतरी भेटतोच. थायलंडचे तसे नाही. बँकॉकहून तयार कपडे आणणारे पुष्कळ आहेत. परंतु आठ दिवस हॉटेलात उतरून बाजार पाहणे वेगळे आणि खोली घेऊन वर्षानुवर्षे तेथे राहणे वेगळे. कापडाच्या कारोबारानिमित्त आम्ही हे दोन्ही केले आहे. तेथे राहू इच्छिणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांनी कोणत्या गोष्टी आधी समजून घ्याव्यात, याचा हा पाठ. यात आमची एक चूकही सांगितली आहे. ती वाचून कोणी सावध झाला तर लिहिल्याचे सार्थक होईल.

१. 'खॅक' म्हणजे पाहुणा

थाई माणूस आपणांस 'खॅक' म्हणतो. हिंदी, मलायी, अरब अशा सर्वांना हाच शब्द लावतात. कधी तो जरा हिणवण्याच्या सुरातही कानी पडतो आणि नवीन माणूस रागावतो. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहुणा' असा आहे. आम्ही या शब्दाचा राग धरणे सोडून दिले आणि त्यातून धडा घेतला. पाहुण्याने यजमानाच्या घरात कसे वागावे, हे आपल्या दीनने आपणांस शिकविलेलेच आहे.

या देशात मुसलमान व्यापारी चारशे वर्षांपासून आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणमधील कुम येथील शेख अहमद नावाचे सौदागर अयुथ्या या तेव्हाच्या राजधानीत आले. सचोटीच्या बळावर ते राजदरबारी मोठ्या पदास चढले. थायलंडमधील मुसलमानांच्या प्रमुखास 'चुलाराचामोन्त्री' म्हणतात. त्या पदाची परंपरा या शेख अहमद यांच्यापासून सुरू झाली आणि ते पद आजही आहे.

कापडवाल्यांसाठी दुसरे उदाहरण अधिक जवळचे. एकोणिसाव्या शतकात गुजरातेतून सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, छापील सुती कापड जात असे. त्यास 'सौदागिरी' असे नाव होते. गांधीनगरजवळच्या पेथापूर गावी लाकडी ठसे कोरले जात, अहमदाबादेत छपाई होई आणि माल जहाजाने बँकॉकला जाई. सुरतच्या मस्कती या व्यापारी घराण्याचे कापड तेथे नावाजलेले होते. हा व्यापार कशामुळे टिकला? ठशावरची नक्षी सयामी लोकांच्या आवडीची होती म्हणून. आपली आवड गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याचा यत्न त्या सौदागरांनी केला नाही.

२. कोणते काम करता येते, कोणते येत नाही

सर्वांत मोठी चूक येथे होते. पर्यटक म्हणून मिळालेल्या मुक्कामात काम करता येत नाही. मित्राच्या दुकानात दोन तास गल्ल्यावर बसणे हेसुद्धा कामच धरले जाते. कामासाठी वेगळा व्हिसा आणि त्याशिवाय कामाचा परवाना, अशा दोन गोष्टी लागतात. एका परदेशी माणसाच्या परवान्यामागे साधारणपणे कंपनीचे वीस लाख बाथ भांडवल आणि चार थाई नोकर असावे लागतात.

कारागीर बांधवांनी विशेष ध्यानात ठेवावे की काही हुन्नर थाई लोकांसाठीच राखून ठेवलेले आहेत. हातमागावर कापड विणणे, हाताने रेशीम काढणे व पीळ देणे, रत्नांना पैलू पाडणे, सोन्याचांदीचे पारंपरिक काम, लाकडावरील कोरीव काम, केस कापणे, रस्त्यावर माल विकणे ही कामे परदेशीयास मना आहेत. तेव्हा "आमच्या दुकानात जरीचे काम आहे, नगिन्याचे काम आहे, या" असे कोणी सांगितले तर तिकीट काढण्यापूर्वी परवान्याचा कागद पाहावा.

दुकानदारीचेही तसेच. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार ज्या कंपनीत निम्मे किंवा अधिक भाग परदेशीयांचे, ती कंपनी परदेशी समजली जाते. अशा कंपनीस लहान भांडवलाचा किरकोळ किंवा घाऊक व्यापार खास परवान्यावाचून करता येत नाही. परदेशी माणसास जमीनही आपल्या नावे घेता येत नाही.

३. आमची चूक

यावर पळवाट म्हणून अनेकजण थाई माणसाचे नाव उसने घेतात. पैसा आपला, नाव त्याचे. आम्हीही तेच केले.

२००५ च्या सुमारास आम्ही व आमचे एक भागीदार यांनी प्रतुनाम बाजारात गाळा घेतला. एका दलालाच्या सल्ल्याने कंपनीचे बहुतेक भाग आमच्याकडे हिशेब लिहिणाऱ्या बाईंच्या नावे केले. त्यांनी त्यात एक बाथही घातला नव्हता. भाडेकरार त्यांच्या नावे, बँकेत सही त्यांची. गाळा घेताना तेथे 'सेंग' म्हणून ठोक रक्कम देतात, आपल्याकडील पगडीसारखीच. ती रक्कम आमची, पण पावती त्यांच्या नावे. बाई वयाने मोठ्या आणि अत्यंत सचोटीच्या होत्या. आम्ही त्यांना आपा म्हणत असू. तीन वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

चौथ्या वर्षी त्या अचानक वारल्या. अंत्यविधीस आम्ही गेलो आणि मंदिराच्या आवारात एका बाजूस बसून राहिलो. आठवड्याने त्यांची धाकटी बहीण गावाहून आली. तिच्या दृष्टीने दुकान तिच्या बहिणीचे होते आणि कागदही तेच सांगत होता. कोर्टात जावे तर आमचाच कागद बेकायदा. असे नाव उसने देणारा थाई आणि घेणारा परदेशी, दोघांनाही त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख ते दहा लाख बाथ दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. आम्ही तोंड उघडले असते तर मेलेल्या बाईचेही नाव खराब झाले असते.

सुदैवाने आपांच्या हाताची एक वही निघाली. कोणता माल कोणाच्या पैशाचा, हे तीत तारीखवार लिहिलेले होते. ती वही वाचून बहिणीने गाळ्यातील माल आमच्या हवाली केला. सेंगची रक्कम आणि बँकेतील शिल्लक मात्र गेली. ती मागण्याचा हक्क आम्हास राहिला नव्हता. आपा अमानतदार होत्या, त्यांची बहीणही खरी निघाली. खोटा कागद केला होता तो आम्ही.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे, हे आम्ही मदरशात पाठ केले होते. लिहावे ते खरे लिहावे, हा त्यातील अर्धा धडा आम्ही विसरलो. बांधवांनो, सरळ मार्ग तीन आहेत. पहिला, तेथे दुकान न थाटता थाई दुकानदाराकडून पक्क्या बिलावर माल घेऊन देशी पाठविणे. दुसरा, जो खरोखर आपला पैसा घालतो अशा थाई भागीदारासह वकिलाकडून लेखी करार करणे. तिसरा, परवाना काढून देणाऱ्या कंपनीत नोकरी. चौथा मार्ग कोणी सुचविला तर तो आमच्या वाटेने जाणारा समजावा.

४. तारीख, माप आणि कागद

थायलंडमध्ये बौद्ध सन चालतो. तो इसवी सनाहून ५४३ वर्षांनी पुढे आहे. २५६८ म्हणजे २०२५. पावतीवर पुष्कळदा नुसते ६८ लिहितात. औषधाच्या बाटलीवर, चेकवर, भाडेकरारावर सन पाहताना ५४३ वजा करण्याची सवय लावावी. कधी आकडेही थाई लिपीत असतात. ते दहा आकडे एका दिवसात शिकता येतात, शिकून घ्यावेत.

घाऊक बाजारात डझनाला 'लो' आणि वाराला 'ला' म्हणतात. प्रतुनामला बहुतेक ठिकाणी तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो. थाई माप आपल्या मापाहून लहान असते. तेथील मोठा नंबर आपल्याकडे मध्यम म्हणून खपतो. पहिल्याच खेपेस मोठा माल घेणाऱ्याने हे विसरू नये.

राहण्याचेही नियम आहेत. परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशन कचेरीस कळवावे लागते. कळविल्याची पावती मागून जपून ठेवावी, पुढे प्रत्येक कामी लागते. सलग नव्वद दिवस राहिल्यास आपला पत्ता स्वतः नोंदवावा लागतो. मुदत उलटल्यास रोज पाचशे बाथ दंड आहे, वीस हजारांपर्यंत. आणि जास्त दिवस राहिल्यास पुढे प्रवेशबंदीही होते.

५. बोलण्याची रीत

आपल्या बाजारात आवाज चढवून भाव करतात आणि मग एकत्र चहा पितात. तेथे आवाज चढविला की सौदा संपला. थंड डोक्याच्या माणसास ते 'चाय येन' म्हणजे थंड मनाचा म्हणतात आणि हा मोठा गुण मानतात. चारचौघांत नोकरास रागावल्यास तो दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही.

दुसरी गोष्ट 'क्रेंग चाय'. समोरच्यास अडचण होऊ नये, त्याचे मन दुखू नये, असा हा संकोच आहे. यामुळे थाई व्यापारी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. "शुक्रवारी माल मिळेल ना?" असे विचारल्यावर तो होकार देतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ "तुमचे म्हणणे ऐकले" इतकाच असतो. म्हणून प्रश्न फिरवून विचारावा : "कोणत्या दिवशी माल तयार होईल?" मग जे उत्तर येईल ते त्याच्यासमोर कागदावर लिहावे.

पायताण बाहेर काढावे, कोणाच्या डोक्यास हात लावू नये, पाय कोणाकडे करून बसू नये. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागते, तेव्हा उभे राहावे. राजघराण्याविषयी वेडावाकडा शब्द काढल्यास फौजदारी कायद्याच्या ११२ व्या कलमाखाली तीन ते पंधरा वर्षे कैद आहे. नोटेवर राजाचे चित्र असते, म्हणून पडलेली नोट पायाने दाबू नये. ते हात जोडून अभिवादन करतात. ज्यास तसे करणे प्रशस्त वाटत नाही त्याने हसून मान लववावी, कोणी वाईट मानत नाही.

६. जेवण आणि नमाज

'मू' म्हणजे डुकराचे मांस. "मै किन मू", म्हणजे मू खात नाही, हे वाक्य पहिल्या दिवशी शिकावे. परंतु मांस नसले तरी चरबी किंवा तीच कढई असू शकते. म्हणून थाई इस्लामी केंद्रीय समितीची हलाल मोहोर पाहावी अथवा मुसलमान खानावळीत जावे. तेथील 'खाओ मोक काय' हा आपल्या बिर्याणीचाच चुलतभाऊ.

बँकॉकमध्ये मशिदी पुष्कळ आहेत. चारोन क्रुंग रस्त्याजवळील हारून मशिदीत नाना देशांचे मुसलमान भेटतात. सेन सेप कालव्याकाठी बान ख्रुआ ही चाम मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तेथील विणकरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन या अमेरिकन व्यापाऱ्यासाठी रेशीम विणले आणि थाई रेशीम जगभर पोहोचले. आपल्या विणकर बांधवांनी ही वस्ती एकदा अवश्य पाहावी. जुम्म्याच्या ओळखीतून घर मिळते, आजारपणात माणूस मिळतो. दलालाहून हा आधार बळकट.

७. यजमानाच्या दुःखात नफा नको

थाई समाजात कपड्याच्या रंगास अर्थ असतो. सोमवारचा रंग पिवळा; राजे भूमिबोल यांचा जन्म सोमवारचा, म्हणून २००६ साली त्यांच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षी सारा देश पिवळ्या सदऱ्यांत दिसत होता. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी ते वारले आणि लोकांनी काळे कपडे घातले. काही दिवसांतच काळे कापड संपले, भाव चढले. सरकारने नफेखोरांना ताकीद दिली. ज्यांना परवडत नव्हते त्यांचे जुने कपडे ठिकठिकाणी फुकट काळे रंगवून दिले जात होते.

अशा वेळी ज्याच्या गोदामात काळे कापड आहे, त्याच्या ईमानाची परीक्षा असते. साठेबाजीस आपल्या धर्मात मनाई आहे, मग गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे असो. शोकाच्या दिवसांत जुन्या भावाने माल देणाऱ्या दुकानदारास लोक विसरत नाहीत, आणि दुप्पट घेणाऱ्यासही विसरत नाहीत.

थोडक्यात धडा

एक, परवान्याशिवाय काम नाही. दोन, उसन्या नावावर दुकान नाही. तीन, तोंडी होकार लेखी करून घ्यावा. चार, आवाज खाली आणि हिशेब स्वच्छ. पाच, तेथील दीनदार बांधवांशी संबंध ठेवावा आणि यजमानाच्या सुखदुःखात सामील व्हावे.

आपांची ती वही आम्ही त्यांच्या बहिणीकडून मागून घेतली. आमच्या पेढीवर ती अजून आहे. नवीन मुलगा कामास आला की हिशेब कसा ठेवावा हे दाखविण्यासाठी तीच वही काढतो. अल्लाह आम्हा सर्वांस हलाल रोजी आणि सरळ कागद लिहिण्याची तौफीक देवो. आमीन.