गाडीतला फ्रीज बदलण्यापूर्वी थोडा हिशेब

बाजारोबाजारी गाडी लावून खाण्यापिण्याचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांमध्ये सध्या एक प्रश्न वारंवार निघतो. गाडीत जो छोटा, बिनआवाजाचा फ्रीज आहे तो उन्हाळ्यात थंड करीत नाही. तो काढून घरात वापरतात तसा एक दरवाजाचा मोठा फ्रीज बसवावा काय? आमच्या शिरपुरातील एका बिर्याणी-कबाबवाल्या भाईंनी हाच प्रश्न आम्हास केला. भिशी उघडल्यावर त्यांच्या हाती पंचेचाळीस हजार रुपये येणार होते व ते सर्व यात घालण्याचा त्यांचा विचार होता. आम्ही कापडवाले. फ्रीजचा धंदा आमचा नव्हे. परंतु कापडवाल्याला आधी मोजावे आणि मग कात्री चालवावी ही सवय असते, ती येथे उपयोगी पडली.

प्रथम जुना फ्रीज काय चीज आहे ते समजून घ्यावे. जुन्या मालाच्या बाजारात हॉटेलांच्या खोल्यांतून निघालेले चाळीस-पन्नास लिटरचे फ्रीज स्वस्तात मिळतात. त्यांपैकी पुष्कळांत कॉम्प्रेसर नसतोच. आत अमोनिया, पाणी व हायड्रोजन वायू बंद केलेला असतो. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून उकळून वर जातो, मागच्या नळ्यांत थंड होऊन द्रव बनतो, आतल्या बाजूस पुन्हा त्याची वाफ होताना थंडी तयार करतो आणि शेवटी पाण्यात मिसळतो. ही युक्ती स्वीडनमधील प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली काढली व इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२५ पासून ती बाजारात आणली. उष्णता कोठलीही चालते. रॉकेलची वात, गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर. वीज नसलेल्या गावांत सरकारी दवाखान्यांतील लसी एके काळी रॉकेलवरच्या अशाच फ्रीजमध्ये ठेवीत.

अमेरिकेत लोक घरासारखी गाडी घेऊन महिनोन् महिने फिरतात, तिला तेथे आरव्ही म्हणतात. जंगलात वीज नाही म्हणून त्या गाड्यांत गॅसवर चालणारे हेच फ्रीज बसवीत आले. आता तेथेही बरेच लोक ते काढून घरगुती फ्रीज बसवितात. कारणे दोन. गॅसचा फ्रीज घरगुती फ्रीजच्या कितीतरी पट महाग असतो, आणि आगीची भीती असते. डोमेटिक कंपनीने आगीच्या धोक्यामुळे २००६ साली नऊ लाखांहून अधिक फ्रीज दुरुस्तीसाठी परत बोलाविले होते. २०१० साली नॉरकोल्ड कंपनीवरही तीच वेळ आली.

आपल्याकडे तिसरे कारण आहे, ते म्हणजे ऊन. हा फ्रीज मागच्या नळ्यांतील उष्णता हवेत सोडून चालतो. वैशाखात आपल्या वऱ्हाडात पारा ४३-४४ वर जातो आणि पत्र्याच्या गाडीत त्याहून वर. मग ती उष्णता जाणार कोठे? शिवाय या फ्रीजला जागा सपाट लागते. गाडी उतारावर तिरपी उभी राहिली की आतला द्रव खाली उतरत नाही, भट्टीची नळी कोरडी तापते आणि असे वारंवार झाले तर फ्रीज कायमचा जातो. मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर तो त्याच क्षणी बंद करावा. त्यात कोणी पुन्हा गॅस भरून देतो म्हणाला तरी भुलू नये.

आता विजेचा हिशेब. येथे बहुतेकांची समजूत उलटी असते की लहान फ्रीज म्हणजे कमी वीज. हॉटेलच्या छोट्या फ्रीजचा हीटर साठ वॅटचा धरला व तो उन्हात जवळजवळ सतत चालला, तर चोवीस तासांत सुमारे दीड युनिट जाते. याउलट १८०-१९० लिटरच्या घरगुती फ्रीजवर जे ताऱ्यांचे लेबल असते त्यावर वर्षाची युनिट लिहिलेली असतात. समजा १८० लिहिली आहेत. ३६५ ने भागा, म्हणजे दिवसाला अर्धे युनिट. हा आकडा प्रयोगशाळेचा. आपल्या गाडीत, उन्हात, दर दहा मिनिटांनी दार उघडताना तो दुप्पट धरावा, म्हणजे एक युनिट. चौपट मोठा फ्रीज आणि तरी वीज कमी. म्हणून बदल करणे बरोबर आहे, यात आम्हास शंका नाही.

परंतु फ्रीज हा या व्यवहारातील स्वस्त भाग आहे. तो पंधरा हजारांच्या आसपास मिळतो. खरा पैसा बॅटरीत जातो, आणि तेथेच लोक फसतात.

१२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी घेतली तर कागदावर तीत १८०० वॅट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटच्या वर वीज असते. परंतु शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरविली तर लवकर मरते. म्हणून वापरण्यास ९०० उरले. इन्व्हर्टर त्यातील सुमारे पंधरा टक्के स्वतः खातो. फ्रीजपर्यंत पोहोचले साडेसातशेच्या आसपास. आता भाईंची गाडी सकाळी अकराला निघते व रात्री दहाला परतते. अकरा तासांत फ्रीज साडेचारशे ते पाचशे वॅट-तास घेईल. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी तासाला पंधरा-वीस वॅट घेतो, त्याचे दोनशे धरा. एकूण सातशे. एका बॅटरीत बसते, परंतु काठोकाठ. तीच गाडी रात्रीही बॅटरीवरच ठेवली तर चोवीस तासांना चौदाशे लागतात व दुसरी बॅटरी घ्यावी लागते. पंधरा हजारांचा फरक केवळ एवढ्यावर अवलंबून आहे की रात्री गाडीपर्यंत घरची वायर पोहोचते की नाही!

म्हणून आम्ही भाईंना सांगितले की दुसऱ्या बॅटरीचा विचार सोडा, आधी गाडी उभी राहते तेथे अर्थिंगसह तीन पिनांचा बोर्ड बसवून घ्या. रात्रभर फ्रीज घरच्या विजेवर चालेल, बॅटरीही भरेल. आणि त्याच वेळी वरच्या बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, मात्र काठोकाठ भरू नका, फुटतात. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो. सकाळी त्यातल्या चार-पाच बाटल्या खालच्या खणात उतरविल्या की दुपारपर्यंत कॉम्प्रेसरला निम्मी विश्रांती मिळते. ही बॅटरी फुकटची आहे व ती कधी खराब होत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. घरगुती फ्रीज थंड वस्तू थंड राखतो, गरम वस्तू झटपट थंड करणे त्याचे काम नव्हे. २०० मिलीलिटरच्या पन्नास गरम बाटल्या भर दुपारी आत ठेवल्या तर त्यांना पस्तीस अंशांवरून पाचवर आणण्यास तीनशे किलोकॅलरी काढाव्या लागतात. घरगुती कॉम्प्रेसर त्यास तीन-चार तास घेईल, आणि तोवर शेजारचे दही व मसाला लावलेले मटण गरम होत राहील. ज्यांचा धंदा मुख्यतः शरबत-सोड्याचा आहे त्यांनी फ्रीजच्या फंदात न पडता जाड थर्माकोलची पेटी व बर्फाची लादी हेच चालू ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मांस, दूध, दही ज्यांच्याकडे आहे त्यांना मात्र फ्रीज हवाच. कच्चा माल पाच अंशांच्या खाली राहिला पाहिजे. जबीहा हलाल असले तरी नासलेले मटण गिऱ्हाइकास खाऊ घालणे हलाल कसे होईल?

रमजानच्या विक्रीवरून फ्रीजचे माप ठरविणाऱ्यांसाठीही एक सूचना. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२३-२४ साली तो मार्च-एप्रिलच्या उन्हात आला, पुढे तो थंडीत शिरतो आणि २०३० साली तर जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. उन्हाळ्याचा खरा भार मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेसारख्या गर्दीत व लग्नसराईत पडेल. माप त्यावरून घ्यावे.

बसविण्याच्या कामात मिस्त्री व वेल्डर बांधवांनी काही गोष्टी नीट पाहाव्यात. पूर्वी फ्रीजच्या पाठीला काळी जाळी दिसायची. आता बहुतेक फ्रीजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याखाली दडविलेल्या असतात. अँगल पक्का करण्यासाठी बाजूला एक स्क्रू मारला की नळी फुटते आणि पंधरा हजारांचा माल भंगारात जातो. आत भरलेला आर-६००ए वायू ज्वालाग्राही आहे, तेव्हा वेल्डिंग फ्रीज आणण्यापूर्वीच संपवावे. फ्रीज चौकटीत उभा करून, खाली रबराच्या गाद्या देऊन, रुंद पट्ट्याने आवळावा. दोन्ही बाजूंस व मागे दोन-दोन इंच हवा सोडावी. गारवा टिकावा म्हणून भोवती थर्माकोल भरणारे आहेत, त्यांनी फ्रीजला रजई पांघरून पळावयास लावले असे समजावे! दाराला कडी हवी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात सर्व रस्सा खाली.

जुना फ्रीज गॅसवर असेल तर त्याची नळी नुसती वाकवून ठेवू नये. जोडणाऱ्याकडून ती काढून पितळी बूच बसवावे व साबणाच्या पाण्याने तपासावे. बॅटरी शेगडीपासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवावी, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्यावा. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर गुरगुरतो व जळतो. चालताना फ्रीज शंभर-दीडशे वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सात पट, म्हणून हजार व्हीएच्या खाली जाऊ नये. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जाड व आखूड असावी, बॅटरीलगत फ्यूज असावा. गाडीच्या बॉडीत मुळातून फेरबदल करावयाचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आर.टी.ओ.ची परवानगी लागते. गाडीत बसविलेल्या व धंद्यासाठी वापरलेल्या घरगुती फ्रीजची वॉरंटी कंपनी नाकारू शकते, हेही विकत घेण्याआधी दुकानदारास विचारून घ्यावे. आणि शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यावर घेण्याआधी रोखीचा भाव विचारावा. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. ते कोठेतरी प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत लपलेले असते. सुदापासून दूर राहू इच्छिणाऱ्यास भिशी बरी.

भाईंचा हिशेब असा बसला: फ्रीज पंधरा हजार, बॅटरी पंधरा हजार, इन्व्हर्टर सात हजार, वायरिंग व चौकट चार हजार. एक्केचाळीस झाले. उरलेल्या चारांतून अर्थिंगचा बोर्ड आणि शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर. बाजारात नेण्यापूर्वी गाडी एक दिवस अंगणात उन्हात उभी करावी, फ्रीज भरून घरची वायर काढावी आणि अकरा ते दहा दर तासाला आतला पारा कागदावर टिपावा. रोजच्यासारखे दार उघडत राहावे, मुलांना त्या कामी लावले तर ते आनंदाने करतील. रात्री दहा वाजता काटा पाचच्या खाली असेल तर दुसऱ्या दिवशी मटण भरावे. वर असेल तर बाटल्या वाढवून पुन्हा एक दिवस पाहावे.