धडधडते इंजिन, तापलेला सायलेन्सर : जुन्या मोटारीचे निदान

मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार ही केवळ सोय नसते. अनेक वर्षांच्या काटकसरीतून आणि नियमित हप्त्यांतून उभी राहिलेली ती एक मालमत्ता असते. दुर्दैवाने, कर्जाचा शेवटचा हप्ता फिटतो न फिटतो तोच तिच्या दुखण्यांना प्रारंभ होतो. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरू लागते, इंजिनाच्या आवाजातील लय बिघडते आणि काही दिवसांनी गाडीखालून नेहमीपेक्षा अधिक उष्णता जाणवू लागते. गॅरेजमध्ये नेल्यावर ‘कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल’ असा निर्णय ऐकू येतो आणि त्यासाठी सांगितलेला आकडा ऐकून गाडी विकून टाकण्याचा विचार मनात येतो.

हा निर्णय काही वेळा योग्य असतो. परंतु पुष्कळदा तो अपुरा असतो. थरथर आणि उष्णता ही दोन वेगळी दुखणी नसून बहुतेक वेळा एकाच दुखण्याची दोन रूपे असतात, आणि त्याचे मूळ काही शे रुपयांच्या भागात दडलेले असू शकते. हे मूळ कसे शोधावे, कोणत्या क्रमाने शोधावे आणि खर्च केव्हा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दिल्ली आणि तिच्या परिसरातील गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद येथील मोटारमालकांची परिस्थिती विशेषत्वाने डोळ्यांसमोर ठेवली असली, तरी मूळ तत्त्वे सर्वत्र सारखीच आहेत.

थोडी पार्श्वभूमी

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० मोटारीची किल्ली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. त्या काळच्या गाड्यांत कार्बोरेटर असे. इंजिन उभ्या जागी नीट चालत नसेल, तर कुशल मेकॅनिक कान देऊन आवाज ऐके, पेचकसाने एक स्क्रू अर्धा फेरा फिरवी आणि काम होई.

पुढे हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न गंभीर झाला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. एप्रिल २०१० पासून दिल्ली परिसरात भारत स्टेज चार हे मानक लागू झाले. एव्हाना कार्बोरेटरची जागा इंजेक्शन प्रणालीने घेतली होती, आणि इंजिनाच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणकही गाडीत आला. आज ज्यांना आपण ‘जुन्या’ म्हणतो त्या बहुतेक गाड्या या पिढीतील आहेत. त्यांचे निदान पेचकसाने होत नाही. आयडलिंगचा वेग कसाबसा वाढवून थरथर झाकणे म्हणजे ताप मोजण्याऐवजी तापमापकच बाजूला ठेवण्यासारखे आहे.

आजाराचे मूळ

इंजिन उभ्या जागी साधारणतः मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेते. ८०० फेरे धरले, तर चार आघातांच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पेटले पाहिजे. आता तीन सिलिंडरच्या गाडीतील एका सिलिंडरची ठिणगी बंद पडली, अशी कल्पना करा. उरलेले दोन सिलिंडर ओझे ओढतात, त्यामुळे इंजिन लंगडू लागते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते. हा झाला थरथरीचा उलगडा.

परंतु त्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा शिरलेल्या, न पेटलेल्या मिश्रणाचे काय होते? ते तसेच धुराच्या नळीत ढकलले जाते आणि कन्व्हर्टरमध्ये पोहोचते. कन्व्हर्टर म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या असंख्य छिद्रांचा, बहुधा चिनीमातीसारख्या पदार्थाचा ठोकळा. त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो. विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणे हे त्याचे काम. न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला प्राणवायू दोन्ही एकत्रच तेथे येतात आणि जे ज्वलन इंजिनात व्हायचे ते कन्व्हर्टरमध्ये होते. त्याचे तापमान नेहमीच्या मर्यादेबाहेर, प्रसंगी १००० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते. धातूंचा थर निकामी होतो, आणि ताप असाच वाढत राहिला तर पोळे वितळून छिद्रे बुजतात. मग धुराला वाट मिळत नाही, इंजिन गुदमरते आणि उष्णता आणखी वाढते.

या साखळीत कन्व्हर्टर हा बहुतेक वेळा बळी असतो, गुन्हेगार नसतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर काही महिन्यांत तोही त्याच मार्गाने जातो. संपूर्ण लेखातील लक्षात ठेवण्याची गोष्ट हीच.

प्रथम निरीक्षण

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी मालकाने स्वतः चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. थरथर सकाळी थंड इंजिनावर अधिक होते की गरम झाल्यावर? वातानुकूलन चालू केल्यावर वाढते का? वेगमापकाशेजारी इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असेल, तर तो स्थिर राहतो की डोलतो? आणि इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो का?

काटा स्थिर, आवाज एकसारखा आणि तरीही गाडीत कंप जाणवत असेल, तर दोष इंजिनाला पेलून धरणाऱ्या रबरी आधारांत, म्हणजे गॅरेजवाले ज्यांना ‘फाउंडेशन’ म्हणतात त्यांत, असण्याची शक्यता अधिक. तीन सिलिंडरच्या इंजिनाला थोडा कंप स्वभावतःच असतो, हेही विसरू नये. सायलेन्सरच्या तोंडाशी धुराचा आवाज तुटक, मधेच अडखळणारा येत असेल, तर मात्र मिसिंगचा संशय बळावतो.

पिवळा दिवा स्थिर पेटला असेल, तर गाडी लवकर दाखवावी. तो लुकलुकत असेल, तर याच क्षणी कन्व्हर्टरला इजा पोहोचेल इतके मिसिंग होत आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी वेग कमी करावा, ॲक्सिलरेटरवर जोर देऊ नये आणि सुरक्षित जागी थांबून मदत मागवावी.

पीयूसीची चिठ्ठी : घरातीलच एक वैद्यकीय अहवाल

दिल्लीकर मोटारमालकाच्या कागदपत्रांत प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजेच पीयूसी, असतेच. ते नसेल तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून ते आपण जपतो. परंतु त्यावरील आकडे क्वचितच वाचतो. वास्तविक तो इंजिनाच्या श्वासाचा अहवाल असतो.

भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीसाठी आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, तर न जळलेल्या इंधनाची, म्हणजे हायड्रोकार्बनची मर्यादा दहा लाख भागांत २०० भाग इतकी आहे. दोन्ही आकडे वाढलेले असतील, तर पेट्रोल गरजेपेक्षा अधिक जात आहे असे समजावे. तुंबलेला एअर फिल्टर, गळणारा इंजेक्टर किंवा थकलेला ऑक्सिजन सेन्सर ही त्याची संभाव्य कारणे. हायड्रोकार्बन वाढलेले, पण कार्बन मोनॉक्साइड कमी असेल, तर इंधन पेटतच नाही असा निष्कर्ष निघतो. मग प्लग, कॉइल, हवेची गळती किंवा व्हॉल्व्ह यांकडे पाहावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे आकडे कन्व्हर्टरमधून बाहेर पडलेल्या धुराचे असतात. कन्व्हर्टर सशक्त असेतोवर तो इंजिनाचे दोष झाकून ठेवतो. म्हणून एकाच चिठ्ठीपेक्षा मागील दोन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहणे अधिक उपयुक्त. आकडे मर्यादेत असले तरी दरवर्षी चढत असतील, तर ती पूर्वसूचना होय. अर्थात चाचणी इंजिन पूर्ण गरम करून, प्रामाणिकपणे झालेली असली पाहिजे.

तपासणीचा क्रम : स्वस्ताकडून महागाकडे

पहिली पायरी संगणकातील नोंदी वाचण्याची. स्कॅनर जोडल्यावर काही सांकेतिक क्रमांक मिळतात. पी ०३०० म्हणजे अनिश्चित सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा अधिक आणि पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटलेली. पी ०४२० दिसताच कन्व्हर्टर बदलण्याची घाई केली जाते. मिसिंगचा क्रमांकही सोबत असेल, तर आधी मिसिंगचाच निकाल लावावा. क्रमांक हा साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे.

दुसरी पायरी प्लगची. थंड इंजिनातून प्लग काढून त्यांचे टोक पाहावे. फिकट बदामी रंग हे आरोग्याचे लक्षण. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक; पांढरट, भाजल्यासारखे टोक म्हणजे हवा अधिक किंवा उष्णता अधिक; तेलकट ओलावा म्हणजे इंजिन तेल वर येत आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास एक सोपी युक्ती करता येते. संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावावी. मिसिंगही शेजारी गेले, तर कॉइल दोषी. ते जागचे हलले नाही, तर दोष अन्यत्र आहे. या परीक्षेला वेळ द्यावा लागतो, नवा भाग विकत घ्यावा लागत नाही.

तिसरी पायरी हवेची. मे-जूनमधील दिल्लीची धुळीची वादळे एअर फिल्टर लवकर तुंबवतात. थ्रॉटल बॉडीवर कार्बन साचला, तर आयडलिंगच्या वेळी लागणारी अल्प हवा नीट मोजली जात नाही. उलटपक्षी, रबरी व्हॅक्यूम नळ्या उन्हाने तडकल्या तर न मोजलेली हवा आत शिरते. फेरे वाढवताच थरथर नाहीशी होत असेल, तर अशी गळती प्रथम तपासावी.

चौथी पायरी इंजिनाच्या अंतरंगाची. वरील सर्व ठीक असूनही एकच सिलिंडर अडखळत असेल, तर सर्व सिलिंडरांचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजून घ्यावा. एकाचा दाब इतरांहून बराच कमी असल्यास व्हॉल्व्ह किंवा रिंग यांत दोष असतो. ठिणगी उशिरा पडणे हेही उष्णतेचे एक कारण आहे. कारण तेव्हा ज्योत विझण्यापूर्वीच व्हॉल्व्ह उघडतो आणि जळता वायू नळीत जातो.

सीएनजीवर चालणारी मोटार

दिल्ली परिसरात नंतर सीएनजी किट बसवलेल्या गाड्या मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या मालकाकडे निदानाचे एक हुकमी साधन आहे, ते म्हणजे इंधन बदलण्याचे बटण. गाडी पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवरच थरथरत असेल, तर प्रथम प्लग पाहावेत. गॅस पेटवण्यास अधिक दाबाची विद्युत ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. त्यानंतर किटचा गॅस फिल्टर व इंजेक्टर तपासावेत. दोन्ही इंधनांवर सारखीच थरथर असेल, तर दोष इंजिनाचा. गॅसवर दीर्घकाळ चालल्याने व्हॉल्व्हची बैठक झिजते आणि तो पूर्ण मिटेनासा होतो. त्याच्या फटीतून जळता वायू निसटतो, म्हणून टॅपेटचे अंतर वेळोवेळी तपासून घेणे हिताचे. गॅस टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणीही चुकवू नये.

कन्व्हर्टरचा निकाल शेवटी

मिसिंग पूर्ण बरे झाल्यावरच कन्व्हर्टरची परीक्षा घ्यावी. थंड असताना त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खडखडाट झाला, तर पोळे फुटले आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तेथे दाबमापक लावल्यास धुराची वाट अडली आहे का हे कळते. या परीक्षांत तो नापास झाला, तरच खर्च करावा. कन्व्हर्टर काढून तेथे साधी नळी बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो निश्चयपूर्वक नाकारावा. तसे करणे बेकायदेशीर आहे, आणि त्या धुराचा पहिला घास आपलीच मुले घेतात.

नवा खर्च करण्यापूर्वी गाडीचे वयही पाहावे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात डिझेलसाठी १० आणि पेट्रोलसाठी १५ वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केली होती; २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीसंबंधी नवे आदेश झाले. आपल्या गाडीला त्या वेळी कोणता नियम लागू आहे, हे परिवहन विभागाकडे पडताळूनच मोठ्या दुरुस्तीचा निर्णय घ्यावा.

जिवाशी खेळ नको

तपासणी करताना तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. हिवाळ्यात दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही. मिसिंग करणाऱ्या गाडीत तर त्याचा धोका वाढलेलाच असतो. दुसरे, तापलेली गाडी वाळलेले गवत, पालापाचोळा किंवा कागदाच्या ढिगावर उभी करू नये. तिसरे, गाडीखालचा भाग लालसर दिसला किंवा जळका वास आला, तर इंजिन बंद करून सर्वांनी गाडीबाहेर पडावे. त्या भागावर पाणी ओतू नये.

समारोप

दहा-बारा वर्षांची, नीट राखलेली मोटार अजून काही वर्षे इमानाने सेवा देऊ शकते. तिच्यावर खर्च करू नये असे नाही. खर्च निदानानंतर करावा, इतकेच. कर्ज घेताना आपण जसे प्रत्येक अट वाचून मगच सही करतो, तसेच दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर होकार देण्यापूर्वी ‘हा भाग खराब झाला, हे ठीक, पण तो कशामुळे खराब झाला?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. ज्या गॅरेजमध्ये त्याचे समाधानकारक उत्तर मिळेल, तेथेच गाडीची किल्ली सोपवावी.