ट्रेनरनंतरचे विमान



आपल्या शाळेच्या एरोमॉडेलिंग छंदवर्गासाठी दुसरे रिमोटवाले विमान घ्यायचे आहे. कोणते घ्यावे याबद्दल पालक-सभेत बरीच चर्चा झाली आणि काही पालक आपापल्या मुलांसाठीही असे विमान घेण्याच्या विचारात आहेत. म्हणून या अंकात हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत. आम्ही वैमानिक नाही. हिंदी माध्यमातून बी.एस्सी. केलेले भौतिकशास्त्राचे मास्तर आहोत. जुन्या मराठी पुस्तकांत बलाला ‘प्रेरणा’ म्हणतात हेसुद्धा आम्हाला नोकरीला लागल्यावर कळले. तेव्हा शब्दांत कुठे हिंदीची छटा दिसली तर सांभाळून घ्यावे.

आधी एक जुने प्रकरण सांगतो, कारण त्याचा हिशेब अजून बाकी आहे.

छंदवर्गाचे पहिले विमान म्हणजे ट्रेनर. पंख धडाच्या वर बसवलेला, दोन्ही टोके किंचित वर उचललेली, पंखाची खालची बाजू जवळजवळ सपाट. मुले दोन वर्षे त्यावर शिकली. मग विश्वस्त मंडळाने दुसऱ्या विमानासाठी पैसे मंजूर केले आणि निवड आमच्यावर सोपवली. आम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाची फोमची प्रतिकृती मागवली. चंदेरी रंग, पोटात दुमडणारी चाके, फारच देखणे! स्नेहसंमेलनात मंचावर मांडून ठेवले तर पाहुणे विचारतील, हा विचार आमच्या मनात नव्हता असे म्हणता येणार नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते सिमरोलच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतावर नेले. सोयाबीन निघाले होते, गहू पेरायचा होता, रान मोकळे होते. ट्रान्समीटर त्या वेळी नववीत असलेल्या एका मुलीच्या हातात होता. ट्रेनरवर तिचा हात सगळ्यांत चांगला होता. उड्डाण छान झाले, दोन फेऱ्या झाल्या. उतरण्यासाठी शेवटचे वळण घेताना आतल्या बाजूचा पंख अचानक खाली गेला, विमान अर्धे उलटे झाले आणि नाकावर आपटले. पंख मुळापासून तुटला. ती मुलगी एवढेच म्हणाली, “सर, मी तर ट्रेनरसारखंच वळवलं होतं.”

पुढच्या बैठकीत ज्यांना सगळी शाळा काका म्हणते त्या विश्वस्तांनी विचारले, विमानाचे काय झाले? आम्ही म्हणालो, “मुलीच्या हातून पडलं, काका.” शब्द खोटे नव्हते, पण त्यातून निघणारा अर्थ खोटा होता. ती मुलगी त्यानंतर चार महिने छंदवर्गाला आली नाही. विमान पडले ते आमच्या निवडीमुळे. बैठकीत बोललो ते खोडून काढायचे तर सगळ्यांसमोरच काढायला हवे, म्हणून ते इथे छापत आहोत. आणि ही नुसती मनाची समजूत नाही, गणिताने दाखवता येते. नववी-दहावीच्या मुलांनी वही घेऊन बसावे.

पंख हवेत पुढे सरकतो तेव्हा त्याला वर उचलणारे बल मिळते. वेग कमी होत गेला की तेवढेच वजन पेलण्यासाठी पंखाचे तोंड अधिकाधिक वर करावे लागते. एका मर्यादेपलीकडे हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल एकदम घटते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे आणि स्टॉल होणे यांचा काही संबंध नाही, बरे का! मोटर जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो.

स्टॉल कोणत्या वेगाला होईल हे मुख्यतः पंखावरच्या भारावर ठरते. विमानाचे वजन ग्रॅममध्ये घ्या, पंखाचे क्षेत्रफळ चौरस डेसिमीटरमध्ये घ्या आणि भागा. (१० सेंटिमीटर बाजूचा चौरस म्हणजे एक चौरस डेसिमीटर.) आपल्या ट्रेनरचे वजन ११०० ग्रॅम, पंख १.४ मीटर लांब आणि साडेएकवीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ३०. भार आला सुमारे ३७. मस्टँगचे वजन १२०० ग्रॅम, पण पंख लहान, क्षेत्रफळ अवघे २०. भार ६०. वजनात फरक फक्त १०० ग्रॅमचा, म्हणून आम्ही फसलो. हातात धरून दोन्ही सारखीच वाटतात.

स्टॉलचा वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ६० भागिले ३७ म्हणजे १.६२, त्याचे वर्गमूळ १.२७. ट्रेनर साधारण ताशी २८ किलोमीटरला स्टॉल होतो असे धरले, तर मस्टँग ३५-३६ लाच होणार. हे झाले सरळ उड्डाणात. वळताना विमान कललेले असते, त्यामुळे उचलीचा काही भाग वळवण्यात खर्च होतो आणि पंखाला जास्त काम करावे लागते. ४५ अंश कलून उंची कायम ठेवायची तर पंखावरचा बोजा १.४१ पट होतो आणि स्टॉलचा वेग १.१९ पट. म्हणजे वळणात ट्रेनरला किमान ३३ चा वेग हवा, मस्टँगला ४२ चा. आता कोणी ३८ च्या वेगाने वळले तर? ट्रेनर निमूटपणे वळेल. मस्टँग पडेल. त्या मुलीने दोन वर्षांत हाताला बसलेला वेग ठेवला होता, आणि तो आम्हीच शिकवला होता.

त्यात मस्टँगच्या पंखाचा आकार. तो टोकाकडे निमुळता होत जातो. लहान प्रतिकृतीत निमुळते टोक आधी स्टॉल होण्याची भीती असते, आणि एका बाजूचे टोक आधी गेले की विमान त्या बाजूला पलटते. आयताकृती पंखात स्टॉल सहसा मुळापासून सुरू होतो, टोके उशिरापर्यंत काम करत राहतात, नाक सावकाश खाली येते आणि वेग पुन्हा मिळतो. म्हणून देखणा पंख आणि दयाळू पंख हे बहुधा वेगवेगळे असतात.

मोठ्या विमानांच्या बाबतीत हाच प्रश्न आपल्या देशाने फार महागात सोडवला. भारतीय वायुदलात पुष्कळ वर्षे तरुण वैमानिकांना किरणसारख्या मंद जेट विमानावरून थेट मिग-२१ वर जावे लागे, आणि मिग-२१ जमिनीला टेकतानाच वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. मधली पायरी नव्हती. अपघातांचा विचार करून एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने १९८२ साली प्रगत जेट ट्रेनरची शिफारस केली. हॉक विमानांचा करार २००४ साली झाला आणि बीदरच्या तळावर ती २००८ मध्ये दाखल झाली. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. सगळेच अपघात त्या रिकाम्या पायरीमुळे झाले असे नाही, पण ती पायरी भरायला सव्वीस वर्षे लागली हे खरे. आपले तर फोमचे खेळणे. एक पंख तुटला आणि एका मुलीचे चार महिने गेले. त्या वैमानिकांच्या घरच्यांच्या दुःखाशी याची बरोबरी करण्याचा हेतू मुळीच नाही.

तर मग दुसरे विमान कसे असावे?

ट्रेनरचा मोठा गुण म्हणजे तो स्वतःहून सरळ होतो. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल घराची वाट धरतात, तसे त्याचे आहे. स्टिक सोडा, टोके वर उचललेला पंख त्याला पुन्हा समतल करतो. दुसऱ्या विमानाने नेमके हेच करता कामा नये. तुम्ही कलवले तर ते कललेलेच राहावे, आणि तुम्ही सरळ कराल तेव्हाच सरळ व्हावे. त्यासाठी एलेरॉन असलेला, जवळजवळ सपाट बसवलेला पंख हवा. त्याचा छेद वरून-खालून सारख्या फुगीरपणाचा असला तर विमान उलटेही उडवता येते. हा नवा धडा एवढा मोठा आहे की त्याच्या जोडीला दुसरा नवा धडा नको. म्हणून बाकी सगळे ट्रेनरसारखेच हवे : भार ४५ च्या आत, पंख जाड आणि आयताकृती, चाके पक्की. पंख धडाच्या खाली असो की मध्ये, त्याने फार बिघडत नाही.

चाकांबद्दल जरा जास्त लिहावे लागेल. मोबाईलवर जी विमाने उतरताना दिसतात ती डांबरी पट्टीवर किंवा कापलेल्या हिरवळीवर उतरतात. आपल्याकडे माळव्याची काळी माती. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा, नांगरल्यावर ढेकळे. मस्टँगची पोटात दुमडणारी नाजूक चाके पहिल्याच दिवशी ढेकळात वाकली होती, ते तेव्हाच लक्षात यायला हवे होते. मोठी चाके, जाड तारेचे पाय, आणि ते वाकले तर पकडीने सरळ करता यावेत.

या वर्णनात बसणारे एक जुने नाव आहे : अग्ली स्टिक. अमेरिकेतले फिल क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकात बनवलेला हा आराखडा. धड म्हणजे लांबट खोका, पंख म्हणजे सरळ फळी. नावातच कुरूप आहे! पण जगभर कितीतरी जणांनी दुसरे विमान म्हणून हेच किंवा याच्या घाटाचे बनवले, आजही बनवतात. खालच्या पंखाचे हवे असेल तर फोर स्टार नावाचे विमानही याच जातीचे.

पालक-सभेत आलेल्या इतर सूचनांबद्दल थोडक्यात. पंख्यावर चालणारी जेटची प्रतिकृती : वेग जास्त, भार जास्त, आपल्या शेतातून उठणारच नाही. हेलिकॉप्टर किंवा चार पंख्यांचा ड्रोन : वेगळी विद्या आहे, ड्रोनचा तोल तर आतला संगणकच सांभाळतो. मोटर नसलेले ग्लायडर : आम्हाला फार आवडते, तिसरे म्हणून जरूर घेऊ. आपोआप तोल सांभाळणारा रिसीव्हर बसवावा का, असे एका ताईंनी विचारले. पहिल्या दोन-चार उड्डाणांना बसवू, मग बंद करू. जे शिकण्यासाठी विमान घ्यायचे तेच काम यंत्राला देण्यात अर्थ नाही.

विमान विकत न घेता फोम शीट आणि हलक्या लाकडाच्या पट्ट्यांनी शाळेतच बनवावे, असा आमचा प्रस्ताव आहे. मस्टँगची मोटर, तिचा वेगनियंत्रक आणि दोन सर्व्हो शाबूत आहेत. ट्रेनरची तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी यालाही चालेल. खर्च थोडाच येईल, आणि पडले तर मुले रविवारी डिंक लावून पुन्हा उभे करतील. स्वतः जोडलेल्या विमानाची भीती कमी वाटते. बॅटरीबाबत मात्र घरीदारी एक नियम पाळावा : लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून कोणीही खोलीबाहेर जायचे नाही.

दुसऱ्या विमानाला हात लावण्याआधी आम्ही ट्रेनरवर तीन गोष्टी बघतो. इंग्रजी आठचा आकडा, दोन्ही बाजूंनी, उंची न बदलता. मोटर बंद करून उतरणे. आणि विमान स्वतःकडे येत असताना डावे-उजवे न चुकणे, कारण तोंड आपल्याकडे झाले की त्याचे डावे ते आपले उजवे होते. घरी संगणक असेल तर पिकासिम हा मोफत सिम्युलेटर घालून याचा सराव करता येतो. तिथे पंख तुटत नाही.

शाळेच्या मैदानावर का उडवत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. मैदान लहान आहे आणि भोवती वस्ती आहे हे तर झालेच. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांत अशी मॉडेल विमानेही येतात, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून काहीही उडवता येत नाही. इंदूरचा विमानतळ शहराला लागूनच आहे. त्यामुळे सरकारी नकाशात हिरवा दाखवलेला भाग बघूनच शेत निवडले आहे. तिथेही विमान ४०० फुटांच्या खाली आणि सतत नजरेसमोर ठेवावे लागते. पालकांनी मुलांना गच्चीवरून उडवू देऊ नये.

ती मुलगी पुन्हा वर्गाला येऊ लागली आहे. वरचे गणित आम्ही तिला दाखवले. तिने ते तपासले, आणि क्षेत्रफळ मोजताना धडाखालचा भाग धरायचा की नाही, हे आम्ही लिहिले नसल्याचे लक्षात आणून दिले. (धरायचा.) नव्या विमानाचा पंख तीच आखते आहे. भार ४१ येईल असा तिचा हिशेब आहे.

मार्चअखेर गहू निघाला की पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला, वारा पडलेला असताना, उड्डाण करू. ट्रान्समीटर तिच्याच हातात असेल. काका येणार आहेत. पालकांनी यायचे असल्यास कार्यालयात नाव द्यावे, मुलांबरोबर टोपी आणि पाण्याची बाटली द्यावी. पोह्यांची सोय शाळेकडून आहे.