कात्रीने रेखाटलेले जग

प्रस्तावना

कागद आणि कात्री या वस्तू घरोघरी आढळतात. महाराष्ट्रात गणपतीच्या मखरासाठी कागद कातरून नक्षी केली जाते, तर मथुरेत सांझीसाठी कागदाचे नाजूक साचे कापण्याची परंपरा आहे. फ्रान्समधील एका थोर चित्रकाराला याच साध्या साधनांनी उतारवयात नवी वाट दाखवली. त्या चित्रकाराची, आंरी मातिस यांची, ओळख या पाठात करून दिली आहे.

पाठ

आंरी मातिस यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समध्ये झाला. त्यांचे बालपण बोएँ या विणकरांच्या गावी गेले. वडील धान्याचे व्यापारी होते. कायद्याचे शिक्षण घेऊन मातिस एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागले. १८९० मध्ये ते आजारी पडले. अंथरुणावर वेळ जावा म्हणून आईने त्यांना रंगांची पेटी आणून दिली आणि त्यांच्या आयुष्याला कायमचे वळण लागले. कचेरी सोडून ते चित्रकार झाले. तेजस्वी रंगांच्या निर्भय वापरामुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली.

१९४१ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगामुळे त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचले, परंतु फार वेळ उभे राहणे अशक्य झाले. पलंग आणि चाकांची खुर्ची एवढ्यापुरतेच त्यांचे जग उरले. मोठ्या चित्रफलकासमोर उभे राहून रंगवण्याचे दिवस सरले होते. तेव्हा त्यांनी कात्री हाती घेतली. पूर्वी भित्तिचित्राची मांडणी ठरवण्यासाठी ते कागदाचे तुकडे वापरीत. आता तेच तुकडे त्यांच्या कलेचे मुख्य माध्यम बनले.

त्यांची कार्यपद्धती साधी होती. साहाय्यक कोऱ्या कागदांवर गडद रंग देत. कागद वाळले की मातिस आधी पेन्सिलीने काहीही न आखता थेट आकार कापीत. ते सांगतील त्या जागी साहाय्यक ते आकार टाचणीने भिंतीवर लावीत. मनाजोगती रचना साधेपर्यंत ते पुनःपुन्हा हलवले जात. चित्रकार आधी रेषा काढतो आणि मग रंग भरतो. येथे कात्रीच्या एकाच चालीत रेषा व रंग दोन्ही जन्म घेत.

प्रेरणेसाठी त्यांना दूर जावे लागले नाही. १९४६ मध्ये पॅरिसमधील घराच्या भिंतीवरचा एक डाग झाकण्यासाठी त्यांनी पांढऱ्या कागदाची पाकोळी कापून लावली. तिच्या सोबतीला मासे, प्रवाळ आणि समुद्रशैवाल आले. १९३० मध्ये ताहिती बेटावर पाहिलेला समुद्र सोळा वर्षांनी खोलीत अवतरला. हातात गोगलगाय धरून त्यांनी तिची अनेक रेखाटने केली. त्यातूनच १९५३ मध्ये रंगीत तुकड्यांची जवळजवळ ३ मीटर उंचीची ‘गोगलगाय’ साकारली. १९५२ च्या उन्हाळ्यात ते कान शहरातील तलावावर पोहणारे पाहण्यास गेले होते. पण ऊन सोसवेना. घरी परतून त्यांनी भोजनगृहाच्या भिंतींवर निळ्या कागदाचे जलतरणपटू पोहते केले. ती कलाकृती आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

काही समीक्षकांना हे काम म्हणजे वृद्धाचा पोरखेळ वाटला. मातिस मात्र थांबले नाहीत. वांस येथील प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचांच्या खिडक्यांची रचनाही त्यांनी कागद कापूनच केली. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे त्यांचे निधन झाले. आज त्यांची कागदी चित्रे विसाव्या शतकातील श्रेष्ठ कलाकृतींमध्ये गणली जातात.

दोनदा आजाराने त्यांना अंथरुणाला खिळवले. पहिल्या वेळी हाती रंग आले, दुसऱ्या वेळी कात्री. जे गेले त्याचा शोक करीत न बसता, हाताशी उरलेल्या साधनांतून त्यांनी दोन्ही वेळा नवा आरंभ केला.

शब्दार्थ

चित्रफलक – ज्यावर चित्र रंगवतात तो ताणलेल्या कापडाचा पृष्ठभाग
पाकोळी – चपळपणे उडणारा एक लहान पक्षी
प्रवाळ – पोवळे
समुद्रशैवाल – समुद्रात वाढणारे शेवाळ

स्वाध्याय

१. मातिस यांनी कात्री हे माध्यम का स्वीकारले?
२. ‘कात्रीच्या एकाच चालीत रेषा व रंग दोन्ही जन्म घेत’ हे विधान स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील कागदकाम करणाऱ्या एखाद्या कलावंताविषयी आठ ओळी लिहा.